माया किती ठेवायची

शिंपी माप घेतो ते माणूस ताठ उभा असताना. हात सैल सोडलेले, नजर समोर, पोट नकळत जरा आत ओढलेलं. कपडा उसवतो तो मात्र वाकताना, बसताना, हात वर करताना. घरच्या ब्लाउजचं हे दुखणं काखेत दोन टाके घातले की मिटतं. सिनेमाच्या सेटवर ते इतक्या स्वस्तात मिटत नाही. दिवे पेटलेले असतात, मागे वीस-तीस नाचणारे उभे असतात आणि कंबरेपाशी ‘टर्र’ झालं की सगळ्यांनाच थांबावं लागतं.

म्हणून पडद्यावरच्या गाजलेल्या कपड्यांकडे बघताना मला ‘किती सुंदर’च्या आधी एक शिवणकामाचा प्रश्न पडतो: हिला हलायला जागा कुठून मिळाली?

1968 सालच्या ‘ब्रह्मचारी’मधली मुमताजची केशरी साडी घ्या. समोर शम्मी कपूर, म्हणजे संथ हालचालीचं नाव नको. कंबर, गुडघे, खांदे सगळं एका वेळी फिरतंय आणि अंगावर साडी. तीही निऱ्यांच्या घोळाची नव्हे, अंगाला चापून बसलेली. पाच-साडेपाच मीटरचं कापड नुसतं खोचून असं नाचलं तर पहिल्याच कडव्यात निम्मी साडी जमिनीवर येईल. ती आली नाही, कारण ती नेसलेली नव्हतीच. वेशभूषाकार भानू अथैयांनी ती शिवून तिला चेन लावली होती. घागऱ्यासारखी चढवायची, चेन ओढायची, पदर टाकायचा. बघणाऱ्याला साडी, घालणारीला स्कर्ट.

त्या चित्रपटाची नायिका मुमताज नव्हती. ती होती व्ही. शांताराम यांची मुलगी राजश्री. तिने काय नेसलं होतं ते आज फारसं कुणाला सांगता येणार नाही. मुमताजची साडी मात्र ‘मुमताज साडी’ या नावाने अजून शिवून मिळते.

भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या. जन्म 1929, माहेरचं आडनाव राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार आणि छायाचित्रकार होते. बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशीही त्यांचा संबंध होता. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या, आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. बायकांच्या इंग्रजी साप्ताहिकासाठी त्या कपड्यांची रेखाटनं करायच्या. मग एका बुटिकमध्ये ती रेखाटनं प्रत्यक्ष कापडात उतरू लागली आणि तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकांत नट्या होत्या. सिनेमा त्यांच्याकडे असा गिऱ्हाइकांच्या पावलांनी चालत आला. 1956 च्या ‘सी.आय.डी.’पासून पुढे शंभराहून अधिक चित्रपट.

चित्रकार असण्याचा या धंद्यात फायदा आहे तसा एक सापळाही आहे. रेखाटनातली बाई श्वास घेत नाही, आणि तिचा गुडघा कागदावर एकदाच वाकतो. कागदावर चापून बसलेली साडी काढायला दोन रेषा पुरतात, पण कापडात त्याच दोन रेषांचं भांडण सुरू होतं. ते सोडवायला दोघी लागतात. एकीला कापड कुठे ताणतं, कुठे तुटतं, कुठे लपवता येतं हे ठाऊक असतं. दुसरीला आपलं शरीर कुठे, किती आणि कोणत्या तालावर हलणार हे ठाऊक असतं. नटीचा यातला वाटा फक्त चेहऱ्याचा असतो असं मानणं हा तिच्यावर अन्याय आहे. ट्रायलला आरशासमोर नुसती उभी राहून ‘छान आहे’ म्हणणारी नटी डिझायनरच्या काही उपयोगाची नाही. ‘इथे ओढतंय’ म्हणणारी हवी.

अशी शिवलेली साडी करायची तर काम कुठून सुरू होतं? साडीपासून अजिबात नाही. आधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा, अंगाबरोबरचा स्कर्ट बेतायचा. तोच पुढे साडीचं अस्तर होतो. तो बेतताना आकडे दोन अवस्थांतले घ्यायचे. उभ्याने नितंबांचा घेर 36 इंच भरला तर खुर्चीवर बसल्यावर तोच घेर दोन-तीन इंचांनी वाढतो. गुडघे जुळवून उभं राहिल्यावर दोन्ही गुडघ्यांभोवती टेप फिरवला तर साधारण 30 इंच. एक पाय पुढे टाकला की 40 च्या पुढे. मधल्या या दहा-बारा इंचांवर सगळा खेळ आहे. ते स्कर्टच्या घेरात सरळ मिळवले तर चापून बसलेपण गेलं. न मिळवले तर नाचणारी बेडकासारखी उड्या मारत जाईल. म्हणून अस्तराच्या स्कर्टला गुडघ्याच्या थोडं वरपासून कट द्यायचा, आणि वरून येणाऱ्या साडीच्या वेढ्याखाली तो दडवायचा. पाय पुढे गेला की आतलं अस्तर उघडतं. वरचा वेढा नुसता हलल्यासारखा दिसतो.

आता साडी. या पद्धतीत समोर निऱ्या नसतात. कापड अंगाभोवती तीनदा फिरतं आणि प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा पाच-सहा इंच वर चढतो, म्हणजे काठाच्या तिरप्या पायऱ्या दिसतात. हिशेब साधा आहे: 36 इंचांच्या घेराला तीन वेढे म्हणजे पावणेतीन मीटर, तिरपेपणात आणखी पाव मीटर जातं, राहिलेले अडीच मीटर पदराला. शिवताना खालचा वेढा आधी, मग त्याची वरची कड झाकत मधला, मग वरचा. आणि नवखा हमखास चुकतो तो पुढच्या पायरीवर. वेढे अस्तराला फक्त वरच्या कडेने टाचायचे, काठ मोकळा सोडायचा. खालूनही टाचला तर अस्तर आणि साडी वेगवेगळ्या मापाने ताणतात. अस्तर सुती असतं, साडी शिफॉन किंवा जॉर्जेट, आणि मधे सुरकुत्यांचे फुगे उठतात. शिवाय टाचताना पुतळ्यावर टाचून भागत नाही, कारण पुतळ्याला गुडघे नसतात. नटीला एक गुडघा किंचित वाकवून उभं करायचं आणि त्या स्थितीत टाचण्या लावायच्या. ताठ उभ्याने टाचलेला वेढा पहिल्याच गिरकीत वर सरकतो आणि परत खाली येत नाही.

चेन डाव्या बाजूला. कंबरपट्टीपासून नितंबांच्या सगळ्यात रुंद भागापर्यंत पोचली पाहिजे, म्हणजे आठ-नऊ इंच. दिसू नये म्हणून कुणी सहा इंचांचीच लावली, तर साडी चढवताना सगळा जोर चेनच्या खालच्या टोकावर येतो आणि तिथूनच ती उकलते. आजच्यासारख्या न दिसणाऱ्या चेन तेव्हा दुकानोदुकानी मिळत नव्हत्या. धातूच्या दातांची जाड चेन शिफॉनला लावली तर कापडाला लाटा येतात. उपाय असा की चेन फक्त अस्तराला लावायची, तीही आतून सरळ धाग्याची सुती पट्टी देऊन. साडीचा वेढा वरून पडद्यासारखा आणायचा आणि दोन-तीन टिचबटणांनी बंद करायचा.

पदराचं वजन हे वेगळंच प्रकरण. अडीच मीटर जरीकाठी कापड खांद्यावरून मागे लोंबतं तेव्हा ब्लाउजचा गळा मागे ओढला जातो. एक सेफ्टीपिन तो ताण घेत नाही. पिनेच्या भोकापासून शिफॉन चिरत जातं. म्हणून ब्लाउजच्या खांद्यात आतून पट्टी द्यावी लागते आणि पदराच्या चुण्या त्या पट्टीला हाताने टाचाव्या लागतात.

एवढं सगळं झाल्यावर खरी ट्रायल. आरसा नको, खुर्ची हवी, दोन पायऱ्या हव्यात आणि गाण्याचा तुकडा हवा. बस, ऊठ, पायरी चढ, दोन्ही हात वर, कंबरेतून मागे वळ, आणि नृत्यदिग्दर्शकाने दिलेली सगळ्यात अवघड स्टेप पाच वेळा. कापड कुठे चढतं, कुठे पांढरट ताण दिसतो, कोणता काठ उलटा होतो ते खडूने तिथल्या तिथे मांडायचं. खालची कड शेवटी, आणि शूटिंगला घालायच्याच चपला घालून. दोन इंचांची टाच विसरली की काठ घोट्याच्या वर लटकतो.

कापड एकाच ताग्यातून घ्यायचं, हा यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महागात पडणारा नियम. एक संच फाटला किंवा घामाने डागाळला तर दुसरा हवा. दोन साड्या, काठाची पट्टी, ब्लाउज आणि चुकांची तरतूद धरली तर चौदा-पंधरा मीटर एकदमच. नंतर ‘तोच रंग’ म्हणून आणलेला केशरी दुकानात तोच दिसतो, पण दिव्याखाली आणि फिल्मवर वेगळा उतरतो.

मराठी वाचकाच्या मनात इथे नऊवारी आली नसेल तर नवल. साडी नेसून हलता यावं यासाठी आपल्याकडे शिवणीची गरज नव्हतीच. काष्टा मागे खोचला की कापड दोन पायांत वाटलं जातं, लागणारी ढील मांड्यांपाशी निऱ्यांत साठते, आणि लावणीवाली मांडी घालून बसते, उठते, गिरकी घेते. साडी सुटत नाही. पाचवारी गोल साडीत ही सोय नाही. दोन्ही पाय एकाच पिशवीत. शिवलेल्या साडीतला कट म्हणजे काष्ट्याने सोडवलेला प्रश्न वेगळ्या रस्त्याने पुन्हा सोडवणं. आता लग्नात सर्रास दिसणारी शिवलेली नऊवारी पाहिली की गंमत वाटते. ज्या साडीला शिवणीची सगळ्यात कमी गरज होती, तीच आपण सगळ्यात हौसेने शिवून घेतो. त्यात आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, आखूड कापलं की नवरी पाटावर बसताना काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

मुमताजच्या साडीच्या तीन वर्षं आधी, 1965 च्या ‘वक्त’मध्ये साधनाने घट्ट, बिनबाह्यांचा कुर्ता आणि चुडीदार घातला, आणि कॉलेजच्या मुलींनी शिंप्यांचा पिच्छा पुरवला. त्याचंही श्रेय भानू अथैयांकडे जातं. चुडीदार काही नवा नव्हता. नवं होतं ते त्याला शरीराच्या इतकं जवळ आणणं. आणि इथे जागा मिळते ती कटातून किंवा वेढ्याखालून नव्हे, थेट धाग्यातून. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर ताणत नाही, तिरपं ओढलं की ताणतं. म्हणून चुडीदार उरेब कापतात. 44 इंच पन्ह्याचं अडीच-तीन मीटर कापड घेऊन आधी त्याची तिरपी पिशवी शिवतात. ती सपाट पसरली की धागे 45 अंशांत जातात आणि मग पायाचा आकार बेततात. पायाच्या लांबीपेक्षा आठ-दहा इंच जास्त लांबी लागते, तिच्याच घोट्यावर चुड्या पडतात. सहा इंच ठेवली तर दोन-तीनच पडतात आणि चालताना त्याही उलगडतात.

मोहरीचं, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाचं, माप घोट्याचं घेऊन चालत नाही, टाचेचं घ्यावं लागतं. पाऊल ताणून टाचेवरून टेप फिरवला की बारा इंचांच्या आसपास भरतं. तेवढ्यातून पाऊल गेलं पाहिजे. मोहरी त्याहून अरुंद हवी असेल तर आतल्या बाजूने तीन-चार इंच उघडी ठेवून हुक लावायचे.

इथे दोन चुका हटकून होतात. एक, दोन्ही पाय एकाच दिशेच्या उरेबावर कापले जातात. मग एक पाय नीट बसतो आणि दुसऱ्याची शिवण चालता चालता नडगीवर फिरून येते. दोन्ही पाय एकमेकांचं आरशातलं रूप हवेत. दुसरी, कापड ताणतं पण दोरा ताणत नाही. बारीक टाका घालून, शिवताना कापड हलकं ओढून धरून, दुहेरी शिलाई मारली नाही तर नटी मांडी घालून बसते आणि शिवण तडतड उसवते. कापड मात्र शाबूत! शिंप्याला वाटतं दोरा कच्चा होता.

घट्ट कुर्त्याचं गणित आणखी कंजूष. छातीला एकूण दीड ते दोन इंच ढील. त्याहून कमी दिली तर दीर्घ श्वास घेता येत नाही, आणि संवाद म्हणायला श्वास लागतो हे कपडेपटात सोयीस्करपणे विसरलं जातं. आकार सगळा टक्समधून, म्हणजे आत दुमडून शिवलेल्या चिमट्यांतून, आणायचा. बाजूचा कट नितंबांच्या रुंद भागाच्या जरा वरच उघडला पाहिजे, नाहीतर बसताना कुर्ता पोटावर गोळा होतो. मुंढ्याबद्दल, म्हणजे हात जातो त्या भोकाबद्दल, एक समज तर अगदी उलटा आहे. मुंढा खोल कापला की हात मोकळा हलेल असं वाटतं. पण खोल मुंढ्यात हात वर केला की बाजूची अख्खी शिवण वर ओढली जाते आणि कुर्ता कंबरेतून उचलला जातो. बाही नसेल तर मुंढा नेहमीपेक्षा अर्धा इंच वर ठेवायचा, काखेजवळ. अंगाला घट्ट लागतो, पण हात मोकळा राहतो.

1966 च्या ‘आम्रपाली’त उलटा पेच होता. वैजयंतीमालेला प्राचीन वैशालीची नर्तकी दिसायचं होतं. त्यासाठी अथैयांनी आधार घेतला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा. अजिंठ्यात कंबरेखालचं वस्त्र गुंडाळलेलं, उत्तरीय हवेत, शिवण जवळजवळ नाहीच. पण भिंतीवरची बाई जागची हलत नाही. वैजयंतीमाला भरतनाट्यममध्ये मुरलेली. म्हणजे न शिवलेलं दिसायला हवं आणि शिवलेल्यासारखं टिकायला हवं. तिच्या नाचाची मूळ बैठक म्हणजे अरमंडी, गुडघे बाहेर उघडून अर्धं बसणं. या बैठकीत कंबर सहा-सात इंच खाली येते, म्हणून कड उभ्याने ठरवली तर अरमंडीत पायात येते. भरतनाट्यमच्या पोशाखांत यावर जुना तोडगा आहे: दोन पायांमध्ये निऱ्यांचा पंखा शिवायचा, गुडघे उघडले की तो उलगडतो. कंबरपट्टा वजनदार असेल तर तो कापडावर नाही, आतल्या पट्टीवर पेलायचा; नाहीतर दागिनाच वस्त्र खाली ओढतो. आणि या सगळ्या पट्ट्या, हुक, टाके उत्तरीयाच्या झोकाखाली गेले पाहिजेत.

‘गांधी’बद्दल एवढंच: 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत भानू अथैयांना ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आणि मिळालं ते केशरी शिफॉनला नव्हे, खादीच्या धोतराला आणि पंच्याला, ज्यांना ना टक्स ना चेन. ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कारही आले. 2012 मध्ये त्यांनी ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीकडे परत सोपवली, आणि 2020 च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

बाजारात मात्र नाव नटीचंच चाललं. साडी मुमताजची, चुडीदार साधनाचा. मला यात फारसं वाईट वाटत नाही, कारण गिऱ्हाईक शिंप्याकडे जाऊन डिझायनरचं नाव सांगतच नाही, ते पडद्यावरच्या हालचालीकडे बोट दाखवतं. खटकतं ते वेगळंच. डिझायनरचं नाव निदान श्रेयनामावलीत सापडतं. मांजरपाटावर कात्री चालवणारा कटिंग मास्टर आणि रात्री बसून काठ टाचणारे कारागीर तिथेही क्वचितच भेटतात.

आणखी एक गोष्ट शिवणीमुळे हरवते. साडी हे जगातलं सगळ्यात उदार वस्त्र. आजीची नातीला होते, जाडीची बारकीला होते. शिवली की ती एकाच अंगाची. सिनेमाच्या कपडेपटात हा रोकडा प्रश्न असतो, कारण गाणं संपल्यावर कपडे पुढच्या चित्रपटात, मागे नाचणाऱ्या मुलींच्या अंगावर जातात. जाणता मास्टर म्हणूनच बाजूच्या शिवणीत अर्ध्या इंचाऐवजी एक इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवतो. दोन्ही बाजू, पुढचा-मागचा पल्ला मिळून दोन इंच सोडता येतात. पण शिफॉनमध्ये एवढी माया आतून सावलीसारखी दिसते. म्हणून ती साडीत ठेवायची नाही, अस्तरात ठेवायची, उघडून दाबून, कडेला कच्चा दोरा घालून. वरचे वेढे हाताने टाचलेलेच असतात. तेवढे उसवायचे, अस्तर सोडायचं, वेढे पुन्हा टाचायचे. चेनला हात लावायचा नाही. सगळं उजव्या बाजूने काढायचं, मग दोनाऐवजी एकच इंच मिळतो.